उजेडाचा ओघळ

शर्टाच्या बाहीचं बटण लावताना मनगटाशी काहीतरी फुटलं आणि कापड ओलं झालं. वैजनाथनं बाही वर सारली. मनगटावर, पांढऱ्या डागाच्या मधोमध, बोराएवढा फोड उठला होता आणि आता फुटून सपाट झाला होता. त्याच्या वर कोपरापर्यंत आणखी चार-पाच टरारलेले, भोवतीची कातडी लालभडक. काल संध्याकाळी हात नुसता हुळहुळत होता, उन्हाचं असेल म्हणून त्यानं लक्ष दिलं नव्हतं. आता बुधवारची सकाळ, साडेआठ वाजलेले, त्याची बायको दीपाली ओट्याशी डबा भरत होती, माय गजराबाई उंबऱ्याशी बसून शेंगा फोडत होती, आणि वैजनाथच्या मनात पहिल्यांदा आलं ते शांतम्माचं नाव. फोडाची आग नंतर जाणवली, नाव आधी आलं.

शांतम्मा म्हणजे धाराशिवच्या त्या कातडीच्या दवाखान्यातली दिव्याची बाई. पन्नाशीची, कपाळाला विभूती, कर्नाटकातल्या आळंदच्या बाजूची, त्यामुळं मराठी बोलताना शब्दांच्या शेवटाला थोडी झुलायची. दवाखान्याच्या मागच्या खोलीत माणूस उभा मावेल एवढी एक पेटी होती, चारी बाजूंनी उभ्या नळ्या लावलेली. डोळ्यांना काळा चष्मा लावून, कमरेला पंचा गुंडाळून आत उभं राहायचं, शांतम्मा दार लोटायची, बटण दाबायची आणि नळ्या पेटायच्या. सोमवारी आणि गुरुवारी, चार वाजता. पहिल्या दिवशी चाळीस सेकंद. मग दर खेपेला थोडं थोडं वाढवत साडेतीन महिन्यांत एक मिनिट पन्नास सेकंदांवर आलं होतं. आत जाण्याआधी ती न चुकता विचारायची, काही लावलंय का अंगाला? आणि वैजनाथ न चुकता नाही म्हणायचा. परवा सोमवारीही म्हणाला होता. परवा मात्र आत उभं असताना त्याला बाहेरून तिचं बोलणं ऐकू आलं होतं, कानडीत, हलक्या आवाजात, थांबून थांबून. फोनवर गप्पा चालल्या असणार. एक मिनिट पन्नासची तीन मिनिटं झाली असणार. चष्म्याच्या काळोखात उभ्या माणसाला काय कळतंय किती झालं ते? त्याला परवाच शंका आली होती, असं त्याला आता अगदी स्वच्छ आठवू लागलं.

वैजनाथ पहिल्यापासून संशयी होता असं नाही. उलट तो भोळाच म्हणायचा. शहरात सेतू केंद्र चालवायचा, दाखले, आधार, म्हाताऱ्यांचे हयातीचे पुरावे. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांवरच्या रेषा काम करून करून पुसलेल्या असतात, यंत्र त्या घेत नाही. मग वैजनाथ त्यांचं बोट आपल्या हातात धरायचा, ओल्या फडक्यानं पुसायचा, काचेवर हलकेच दाबायचा, अजून थोडं, आजी, अजून थोडं, असं म्हणत. दिवसाला तीस-चाळीस हात त्याच्या हातातून जायचे आणि त्याला ते आवडायचं, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं इतकंच. दोन वर्षांपूर्वी बोटांच्या पेरांवर पांढरं दिसू लागलं, मग मनगटावर, मग कोपराकडं. आणि एका दुपारी बेंबळीच्या सिताबाईनं, जी त्याच्या मायच्या ओळखीतली होती आणि त्याला उघडा खेळताना पाहिलेली, आपला हात त्याच्या हातातून काढून पदरात घेतला. माझं मी दाबते म्हणाली. अंगठा चारदा घसरला, यंत्र चारदा नको म्हणालं, पण तिनं हात काही परत दिला नाही. त्या दिवसापासून वैजनाथ पूर्ण बाह्यांचे शर्ट घालू लागला आणि काचेवर बोट दाबायला पेन्सिलीचं मागचं टोक वापरू लागला. त्याला त्याचे हात परत हवे होते. दवाखान्यात तो गेला ते एवढ्यासाठी.

डॉक्टर योगीराज तरुण होते आणि त्यांना समजावून सांगण्याची हौस होती. ते म्हणाले होते, रंग करणाऱ्या पेशी कातडीतच असतात. शरीराचा स्वतःचाच पहारा असतो, बाहेरून आलेल्या रोगाला मारणारा. तुमच्यात तो पहारा चुकून घरच्याच माणसांवर धावून गेलाय. दिव्याच्या उजेडानं तो मंदावतो. आणि दुसरं असं की केसांच्या मुळाशी काही पेशी झोपलेल्या असतात, तिथवर तो पहारा पोचलेला नसतो. उजेड त्यांना जागं करतो. त्या केसाच्या कडेकडेनं वर येतात आणि रंग पसरवतात. म्हणून रंग आधी ठिपक्यांनी येईल, केसाभोवती. बोटांच्या टोकांना केस नसतात, तिथं जागं करायला कुणी नाही, तिथलं मी काही सांगत नाही. वैजनाथनं सगळं ऐकून घेतलं आणि त्यातलं एकच त्याच्या डोक्यात राहिलं, की आपलंच अंग आपल्यावर उठलंय. दुसऱ्या महिन्यात कोपराखाली खरोखरच तिळाएवढे तपकिरी ठिपके दिसले तेव्हा त्यानं आधी ते साबण लावून घासून बघितले. निघाले नाहीत तेव्हा विश्वास ठेवला, तोही अर्धाच.

भोळेपणा संपला तो त्याच पहिल्या दिवशी, त्याच दवाखान्यात. कमरेवर त्याच्या तळहाताएवढा एक जुना पांढरा डाग होता. डॉक्टरांनी विचारलं, हा किती वर्षांचा? वैजनाथ सहज म्हणाला, तो तसला नाही, मी दोन वर्षांचा असताना मायच्या हातून उकळतं दूध सांडलं होतं. डॉक्टरांनी खोलीचा दिवा घालवला, हातातला छोटा जांभळा दिवा कमरेजवळ धरला आणि तो डाग खडूनं काढल्यासारखा झळकला. भाजल्याचा डाग असा झळकत नाही, हेही कोडच, ते म्हणाले. बस, एवढंच. पस्तिसाव्या वर्षी वैजनाथला कळलं की दूध कधी सांडलंच नव्हतं. बाप सिदू आयुष्यभर मेंढरांमागं हिंडला, माय त्याच्या मागं, दोघांनी मिळून ते दूध सांडवलं होतं. गावाला सांगितलं, सोयऱ्यांना सांगितलं, लग्नाच्या बैठकीत दीपालीच्या भावाला सांगितलं, आणि सगळ्यात पक्कं सांगितलं ते खुद्द त्याला. त्याला तर ते दूध आठवतसुद्धा होतं, वाफ, मायची किंकाळी, बापानं उचलून रांजणाकडं पळत नेलेलं. न घडलेली गोष्ट इतकी लख्ख आठवत असेल तर घडलेल्या गोष्टींचं काय धरायचं? त्यानं मायला विचारलं नाही. दीपालीला सांगितलं नाही. नुसतं मनात ठेवलं आणि तेव्हापासून कुणी काही सांगितलं की ते उलटून बघायची त्याला सवय लागली.

दहा वाजता तो दवाखान्यात होता. डॉक्टरांनी हात बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. काही लावलं होतं का, त्यांनी दोनदा विचारलं, पाला, लेप, तेल, काहीही? नाही म्हणजे नाही, वैजनाथ म्हणाला. मग त्यांनी यंत्राची नोंद काढली. सोमवार, एक मिनिट पन्नास सेकंद. वेळ झाली की यंत्र आपोआप बंद होतं, ते म्हणाले. वैजनाथला हसू आलं. दिवसभर तो स्वतः यंत्राशी बसायचा, यंत्रात काय भरलं म्हणजे काय छापून येतं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्यानं आवाज न चढवता सांगितलं की बाई फोनवर बोलत होत्या, मी आतून ऐकलंय, बराच वेळ. शांतम्मा दारातच उभी होती, हातात घडी केलेले पंचे घेऊन. तिनं आधी डॉक्टरांकडं बघितलं, मग त्याच्या हाताकडं.

“म्या फोनवर न्हवते, साहेब,” ती म्हणाली. “फोन माझा पिशवीत असतोय.”

मग काय बोलत होतात, हे तिला कुणी विचारलं नाही. वैजनाथनंही नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि त्याला त्या घडीला उत्तर नको होतं, नाव हवं होतं, ते त्याच्याकडं होतं. डॉक्टरांनी मलमपट्टी केली, फोडांनी डाग वाढूही शकतात, आता दोन-तीन आठवडे दिवा बंद, असं सांगितलं, आणि बाहेर जाता जाता त्याला त्यांचं खालच्या आवाजातलं बोलणं ऐकू आलं की शांतम्मा, तुम्ही सध्या घरी राहा, मी निरोप देतो. पंचे तिनं कपाटात नीट रचून ठेवल्याचा आवाज आला. वैजनाथला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं, दोन वर्षांत पहिल्यांदा, कारण या हाताच्या बाबतीत आजवर दोष द्यायला कुणी सापडलंच नव्हतं. केंद्रात पट्टी बघून लोकांनी विचारलं तेव्हा त्यानं पटकन सांगितलं, दूध सांडलं. सांगून झाल्यावर त्याची त्यालाच शिसारी आली, पण शब्द गेले ते गेले.

गुरुवारी त्यानं केंद्र बंद ठेवलं. दुपारी खिडकीशी बसून पट्टी सोडली. उघडा ठेवा, वारा लागू द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. दीपाली अंगणवाडीत गेली होती, ती तिथं शिकवायची. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात तो आपला हात पुन्हा पुन्हा फिरवून बघत होता, आता किती रंग गेला आणि किती राहिला. कोपराखालचे तिळाएवढे ठिपके फोडाखाली दिसेनासे झाले होते. साडेतीन महिने जे केसाच्या मुळातून एकेक करून वर आले होते ते एका दुपारी गेले, बाईच्या गप्पांपायी. तो असा मनातल्या मनात तिला बोल लावत असतानाच त्याच्या लक्षात आलं की फोड सगळीकडं नाहीत. डाग तर दंडावरही होता, तिथं काही नव्हतं. उलट हाताच्या आतल्या बाजूला, जिथं कातडी चांगली सावळी होती, तिथं कोपरापासून मनगटापर्यंत एक बोटभर रुंदीचा लाल पट्टा उतरत आला होता, वाकडातिकडा, मध्येच दोन फाटे फुटलेला आणि मनगटाच्या हाडाशी येऊन थेंबासारखा गोल झालेला. दिव्याच्या पेटीत चारी बाजूंनी नळ्या. उजेड सगळ्या अंगावर सारखा पडतो. जास्त पडला असता तर पाठ, पोट, सगळं सोललं असतं. त्यानं हात उन्हात धरला आणि पट्टा वरून खाली बघितला, मग खालून वर. उजेड पडतो, पसरतो, आत शिरतो. ओघळत नाही. ओघळतं ते तेल.

रविवारी माय बेंबळीहून आली होती. आली की ती त्याच्या हातांना तेल चोळायची, तो लहान होता तेव्हापासून. सोमवारी सकाळी आंघोळीआधी तिनं त्याला पाटावर बसवलं होतं आणि दंडाला हात न लावता कोपरापासून खाली चोळलं होतं, दाबून दाबून, आणि तो दुसऱ्या हातात मोबाईल धरून बातम्या बघत होता. चोळून झाल्यावर त्यानं हात खाली सोडला होता, तेल खाली आलं होतं. आंघोळ केली, साबण लावला, विसरून गेला. काही लावलंय का अंगाला, शांतम्मानं विचारलं होतं आणि तो नाही म्हणाला होता. खोटं बोलला नव्हता. मायनं तेल चोळणं म्हणजे अंगाला काही लावणं, हे त्याच्या डोक्यातच आलं नसतं. डॉक्टरांनी दोनदा विचारलं तरी आलं नाही. लेप म्हणजे बाहेरचा, औषध म्हणजे बाहेरचं. मायचा हात हा कुठं बाहेरचा असतो?

तो उठला. मायची पिशवी खुंटीला होती. त्यात तिचं लुगडं, चुन्याची डबी आणि खोबरेल तेलाची निळी बाटली. त्यानं टोपण काढून हुंगलं. खोबरेलाखाली काहीतरी कडूजार वासाचं होतं, आणि बाटलीच्या तळाशी काळ्या बारीक बिया बसल्या होत्या. माय मागं येऊन उभी राहिली होती ते त्याला नंतर कळलं.

“काय हाय ह्यात, माय?”

“बावची हाय,” गजराबाई म्हणाली. “तुळजापुरातनं आणली, जडीबुटीवाल्याकडनं. महिनाभर भिजत घातली व्हती. तो म्हणला पांढऱ्यावर लावा आन् हात उनात धरा, काळं हुतंय.”

“मला का न्हाय सांगितलं?”

“तू लावू दिलं असतंस व्हय?”

ती खाली बसली. तिनं त्याच्या हाताला हात लावला नाही, नुसती बघत राहिली, आणि एकदम म्हणाली की ऊठ, त्या खिडकीतनं ऊठ, सावलीला बस. त्या सांगण्यातल्या घाईनं वैजनाथला बापाचा आवाज आठवला. बेंबळीच्या माळावर, उन्हाळ्यात, चारा संपला की मेंढरं बांधावरची घाणेरी खायची. कळप सगळा काळा. त्यात एखादं पांढऱ्या तोंडाचं असायचं, आणि दोन दिवसांनी त्या एकट्याचंच तोंड सुजायचं, कान सोलून लोंबायचे. बाकी काळ्यांनीही तोच पाला खाल्लेला, त्यांना काही नाही. बाप ते कोकरू काखेत मारून लिंबाखाली आणून बांधायचा, वरून घोंगडं टाकायचा. लहानग्या वैजनाथनं विचारलं होतं, ऊन इतकं भाजतंय का? बाप म्हणाला होता, ऊन न्हाय भाजत, लेका. आत गेलेलं भाजतंय. ऊन नुसतं पेटवतंय.

ही आठवण दुधासारखी केलेली तर नाही ना, असं त्याच्या मनात येऊन गेलं. त्यानं मायकडं बघितलं. तीही तेच आठवत होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. आयुष्य मेंढरांत गेलेली बाई, पांढऱ्या तोंडाचं कोकरू तिनं शंभरदा घोंगड्याखाली झाकलं असेल, आणि आपल्याच पोराच्या पांढऱ्या हाताला तिनं पेटायचं तेल लावलं होतं. तिनं डोळ्याला पदर लावला. वैजनाथला तिचा राग आला, फार राग आला, आणि त्या रागातच तिच्या दुखऱ्या गुडघ्यांची कीवही आली, कारण बावचीसाठी ती बेंबळीहून दोन एसट्या बदलून तुळजापूरला गेली असणार.

“दूध बी तसंच, सांडलंच न्हाय,” तो म्हणाला.

गजराबाईनं डोळ्यावरचा पदर खाली घेतला. “न्हाय सांडलं,” ती म्हणाली. मग हळूच, “दवाखान्यात सांगू नकोस बाबा. म्हणतील, मायनंच जाळलं.”

संध्याकाळी त्यानं दीपालीला दोन्ही सांगितलं, तेलही आणि दूधही. तेलाचं ऐकून ती चिडली. दुधाचं ऐकून मात्र तिनं भाजी निवडता निवडता मान वर केली आणि म्हणाली, भाजल्याचा डाग कधी वाढत असतोय का ओ? लग्न झाल्यावर वर्षात मला कळलं. मग बोलली का नाहीस, त्यानं विचारलं. तुम्ही दूध सांगितलंत, मी दूध ऐकलं, ती म्हणाली आणि निवडलेली भाजी धुवायला उठली. अकरा वर्षं आपल्यावर कुणीतरी विश्वास ठेवल्यासारखं केलं होतं, हे भलं की वाईट, ते त्याला ठरवता येईना.

आता शांतम्माचं काय, हे उरलं होतं. न सांगता भागण्यासारखं होतं. मायनं विनवलं होतं. शांतम्मा घरी बसली होती ती यंत्राच्या नोंदीमुळं नाही, त्याच्या तोंडच्या शब्दामुळं. शब्द त्यानं न पाहिलेल्या फोनवर रचला होता, जसं मायनं न सांडलेल्या दुधावर रचलं होतं. शुक्रवारी सकाळी तो गेला आणि डॉक्टरांसमोर उभं राहून बोलून टाकलं. तेल होतं. बावचीचं. आणि फोन मी बघितला नव्हता. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. बावची कातडीत मुरली की कातडी उजेड दसपट पिते, ते म्हणाले, साबणानं जात नाही ती, आणि गाडीवरून इथं येईपर्यंतच्या उन्हानंही हात जाळला असेल. मग थोडं थांबून म्हणाले, त्या बोलत होत्या म्हणालात ना? मोजत असतात. लाईट कमीजास्त होते इथली, म्हणून यंत्रावर विश्वास नाही त्यांचा. प्रत्येक पेशंटमागं त्या बाहेर उभ्या राहून स्वतः सेकंद मोजतात. मी हसायचो त्यांना. वैजनाथला आठवलं, हलका आवाज, थांबून थांबून, ओंदू, येरडू, मूरू. सेतू केंद्रात कानडी माणसं येतात, एवढं तर त्याला समजत होतं. ऐकायचं नव्हतं म्हणून ऐकलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी दिवा पुन्हा सुरू झाला, पुन्हा चाळीस सेकंदांपासून. शांतम्मा परत आली होती. वैजनाथनं बाहेरच्या बाकावर बसून काय बोलायचं ते ठरवलं होतं, त्यातलं निम्मं बोलला, चुकलं माझं, एवढं. ती व्हय म्हणाली. घडी केलेला पंचा दिला, चष्मा दिला. पेटीच्या दाराशी तो उभा राहिला आणि नेहमीच्या प्रश्नाची वाट बघू लागला. तो प्रश्न तिनं विचारलाच नाही. तिनं पुढं होऊन त्याचा हात आपल्या हातात घेतला. डागासकट, फुटून वाळलेल्या खपल्यांसकट, सबंध हात. दोन वर्षांत घरच्यांखेरीज कुणी तो असा धरला नव्हता. मग ती वाकली आणि कोपरापासून मनगटापर्यंत तिनं तो हात हुंगला. सावकाश, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. हुंगून झाल्यावर सोडून दिला.

“जा आत,” ती म्हणाली.

दार लागलं. चष्म्याआड काळोख होता. बटणाचा आवाज झाला, नळ्या पेटल्या, कातडीला ती ओळखीची ऊब लागली. वैजनाथनं कान दिला. बाहेर पंखा फिरत होता, रस्त्यावरून कुठली तरी एसटी गेली. मोजण्याचा आवाज येत नव्हता. मनात मोजत असेल. किंवा नसेलही. आतून ते कळायला काही मार्ग नव्हता. त्यानं दोन्ही हात अंगापासून थोडे लांब धरले आणि स्वतःच मोजायला लागला, ओंदू, येरडू, मूरू, आणि दहाच्या पुढं कानडी येत नव्हती म्हणून पुन्हा एकपासून.